बाराशे भोकांची फळी

यंत्रमागाची बाजूची फ्रेम बिडाची असते. दोघांना ती हलतसुद्धा नाही, चौघांनी उचलावी लागते, आणि माग मोडीत निघाला की सगळ्यात आधी तीच फोडून भट्टीला जाते. माझा धंदाच जुन्या मागांचा. सोलापूरच्या पूर्व भागात एखादा कारखाना बंद पडला की मी तिथे पोचतो, माग उचलतो, चालणारे सुटे भाग काढून विकतो आणि उरलेलं भंगारात घालतो. अशा किती फ्रेमा फोडायला पाठवल्या, मोजल्या नाहीत. दोन मात्र ठेवून घेतल्या. दुकानामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्या आज आडव्या टाकलेल्या आहेत आणि त्यांच्यावर माझं मशीन उभं आहे.

मशीन म्हणजे घरी केलेलं सीएनसी. एक टेबल, त्यावर डावीकडे-उजवीकडे, पुढे-मागे आणि वर-खाली सरकणारं एक डोकं, आणि त्या डोक्यात गरगर फिरणारं पातं. कुठे जायचं आणि किती खोल उतरायचं हे संगणक सांगतो, मोटारी तेवढंच सरकतात. लाकूड, प्लास्टिक, बेकेलाइट, समोर जे बसवाल ते कोरतं, कापतं, त्याला भोकं पाडतं. बाजारात तयार मिळतं. मी घेऊ शकलो असतो. घेतलं नाही. मला ते स्वतः करायचं होतं, आणि त्यामागे एका माणसाचं एक वाक्य होतं.

जुन्या मागाचा धंदा करण्याआधी बावीस वर्षं मी एकाच कारखान्यात कार्ड पंचिंग केलं. चादरीवर, टॉवेलवर, भिंतीवर टांगायच्या चित्रांवर जी नक्षी असते ती मागावर बसवलेल्या जकार्डमधून उतरते, आणि जकार्डला नक्षी कळते ती पुठ्ठ्याच्या पट्ट्यांवरून. पट्टीला भोक असेल तर धागा वर उचलला जातो, नसेल तर खाली राहतो. चौकटीच्या कागदावरचं चित्र वाचत वाचत ती भोकं पाडणारा मी. एका मोराला दोन-अडीच हजार पट्ट्या लागायच्या. एक भोक चुकलं तर मोराच्या डोळ्यात दुसऱ्या रंगाचा ठिपका यायचा, आणि तो ठिपका प्रत्येक चादरीवर येत राहायचा. माझ्या मोरांच्या डोळ्यांत कधी ठिपका आला नाही. हे मी सांगतो म्हणून नव्हे, त्या काळचे विणकर अजून आहेत, त्यांना विचारा.

मग मालकांनी इलेक्ट्रॉनिक जकार्ड आणलं. पुठ्ठे संपले, सगळं संगणकात आलं. मी मालकांकडे गेलो आणि म्हणालो, मला शिकायला पाठवा, मी करतो. मालक तेलुगू घरातले, बोलताना 'रे'ऐवजी 'रा' म्हणायचे, ते तेव्हा मागांच्या मधोमध उभे होते. वीस माग धडधडत होते, त्यावरून ऐकू जावं म्हणून ते ओरडून बोलले, आणि त्यामुळे सगळ्यांनीच ऐकलं.

"तुझं डोकं पुठ्ठ्यापुरतं आहे रा! कॉम्प्युटर तुला जन्मात जमणार नाही."

काही विणकर हसले. मी त्याच दिवशी डबा उचलला आणि बाहेर पडलो. हिशेब घ्यायलासुद्धा परत गेलो नाही. बायको म्हणाली होती, "जावा की, आपलं हक्काचं हाय." मी गेलो नाही.

त्यानंतर धंदा कसा उभा केला ते सांगत बसत नाही. पहिल्या वर्षी सायकलच्या कॅरियरवर लाकडी धोटे बांधून दारोदार फिरलो, आज माझं दुकान आहे आणि मागाचा कुठलाही भाग कुठे मिळेल असं विचारलं तर अख्ख्या पूर्व भागात लोक माझ्याकडे बोट दाखवतात. एवढं पुरे. पण ते वाक्य डोक्यातून गेलं नाही. कुठल्याही दुकानात कोणी संगणकासमोर बसलेला दिसला की मला कारखान्यातलं ते हसू ऐकू यायचं.

चार वर्षांपूर्वी एका दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढून पडलो होतो. उन्हाळ्यात दोन ते चार सोलापुरात गिऱ्हाईक येत नाही, येऊही नये. मोबाईलवर एक माणूस घरी केलेल्या मशीनवर लाकडात अक्षरं कोरत होता. मी अक्षरांकडे बघत नव्हतो. त्याच्या मागे संगणकाच्या पडद्यावर एकाखाली एक ओळी सरकत होत्या. एका ओळीला एक हालचाल, मग पुढची ओळ, मग पुढची. मी उठून बसलो. या पट्ट्याच होत्या! पुठ्ठ्याच्या नव्हत्या, इतकंच. एकामागून एक मशीनला दिलेले साधे हुकूम. बावीस वर्षं मी हेच करत होतो आणि हे मला जन्मात जमणार नव्हतं म्हणे.

त्या दिवसापासून दुपारचे दोन तास मशीनचे झाले.

बिडाच्या फ्रेमा घ्यायचं कोणी सुचवलं नाही, ते मला ठाऊकच होतं. व्हिडिओतले लोक ॲल्युमिनियम वापरतात, काही तर प्लायवूड. त्यांची मशीनं चालताना थरथरतात आणि कापलेल्या कडेला बारीक लाटा येतात. मागाला मिनिटाला शेकडो दणके बसतात आणि बीड ते पोटात घालतं. मशीनला बूड कशाचं हवं हे मागवाल्याला शिकवायला लागत नाही.

डोकं ज्यावरून सरकणार त्या सरळ, गुळगुळीत दांड्या मात्र माझ्याकडे नव्हत्या. नव्या फार महाग. बार्शीला एक जुना छापखाना मोडीत निघालाय असं कळलं, तेव्हा पहिल्या एसटीने गेलो. छपाईच्या मशीनमध्ये चार दांड्या होत्या, आरशासारख्या, एकीवरही गंज नाही. मी त्यांच्याकडे परत बघितलं नाही. कोपऱ्यात अक्षरांचे लाकडी खण होते, त्यांच्याशी तासभर घासाघीस केली. छापखानेवाले म्हातारे होते, हुशार होते. ते खणांची किंमत चढवत गेले, मी उतरवत गेलो, शेवटी मी वैतागून उठलो आणि दारातून मागे वळून म्हणालो, "राहू द्या काका. एसटीचं भाडं तरी वसूल व्हावं म्हणून त्या लोखंडी दांड्या द्या भंगाराच्या भावाने."

काका हसले. "घासाघीस खणांची आणि नेणार दांड्या व्हय?"

"खण तुम्ही द्यायलाच तयार नाही."

"आधीच म्हणायचं की दांड्या पाहिजेत म्हणून. मी अजून महाग दिल्या असत्या," असं म्हणून त्यांनी चहा मागवला. म्हणजे त्यांना पहिल्यापासून कळलं होतं. दांड्या भंगाराच्या भावाच्या दुपटीत आल्या. तरी नव्याच्या पावपटीतसुद्धा नव्हत्या. असा माणूस समोर असला की सौदा करण्यात मजा असते.

दांड्यांना बसणारे तुकडे, मोटारी आणि डोकं सरकवणारे लांब स्क्रू जोडायच्या कपलिंग, हे सगळं आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या लेथवाल्याने करून दिलं. त्याच्या वडिलांच्या लेथवर मी कधीकाळी मागाच्या शाफ्टी करून घेतल्या होत्या. कारागीर म्हणून तो अव्वल, पण पहिली कपलिंग बसवली आणि मोटार फिरवली तर स्क्रू सापासारखा वळवळला. माझं डोकं फिरलं. तसाच कपलिंग हातात घेऊन त्याच्या दुकानात गेलो.

"तुझी लेथ सकाळपासून दारू पिते काय रे?"

त्याने मान वर केली नाही. "लेथ नक्को पिती भाई. मोटारका शाफ्ट तुमने भंगारमेंसे लाया, वो टेढा है. बिचारी लेथकू कायकू गाली देते?"

मी भांडलो, कपलिंग त्याच्या टेबलावर आपटली आणि पंधरा दिवस त्याच्या दुकानावरून जाताना दुसरीकडे बघत होतो. मोटारी एका जुन्या झेरॉक्स मशीनमधून काढलेल्या होत्या. सोळाव्या दिवशी त्या मोटारीचा शाफ्ट दोन बोटांत धरून फिरवला, तेव्हा त्याचं म्हणणं खरं निघालं. मी नव्या मोटारी मागवल्या आणि एक मोटार त्याच्या टेबलावर ठेवली. तो म्हणाला, "अब देखो." एवढंच बोलला. आपटून चेपलेली कपलिंग त्याने आधीच दुरुस्त करून ठेवली होती.

संगणक जुना घेतला. पडद्यावरचं सगळं इंग्रजीत. माझी शाळा नववीत सुटली. मी प्रत्येक शब्दाचा अर्थ विचारून घेतला, मराठीत चिठ्ठीवर लिहिला आणि पडद्याच्या कडेला चिकटवला. एक वेळ अशी आली की पडद्यापेक्षा चिठ्ठ्या जास्त दिसायच्या. मग एकेक चिठ्ठी काढत गेलो. शेवटची काढली तेव्हा बायकोला बोलावून मोकळा पडदा दाखवला. ती म्हणाली, "चिठ्ठ्यांखाली धूळ किती बसलीया बगा."

पहिल्यांदा मशीन पूर्ण जोडून चालवलं तेव्हा एक साधा गोल कापायला दिला. मशीनने अंडं कापलं. फ्रेम काटकोनात नव्हती. बायको ते अंडं हातात फिरवत म्हणाली, "लई झ्याक आलंय की, ताटाखाली ठेवाया होतंय." मी ते अंडं भिंतीवर फेकून मारलं. दुसऱ्या दिवशी सगळे बोल्ट सोडले, गुण्या लावला आणि पुन्हा आवळायला बसलो. आठ दिवसांनी गोल आला. व्हर्नियरने आडवा मोजला, उभा मोजला, तिरका मोजला. केसाचाही फरक नव्हता. मी तो गोल दिवसभर खिशात घेऊन हिंडलो आणि गिऱ्हाईकांना उगाच दाखवला. एकाने विचारलं, "हे कशाला लागतं?" मी म्हणालो, "कशालाच लागत नाही."

लेथवाल्याच्या तोंडात काही राहत नाही. दोन महिन्यांत अर्ध्या पूर्व भागाला कळलं, आणि एका सकाळी दुकानात एक म्हातारे विणकर आले. दुधनीकडच्या खेड्यातले, मी पंचिंग करायचो तेव्हापासून त्याच मालकांकडे होते. त्यांच्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी लांबट होतं. त्यांनी ते टेबलावर ठेवून उघडलं. चिरफळ्या उडालेली लाकडी फळी, दोन तुकड्यांत, बारीक भोकांनी भरलेली.

मी लगेच ओळखली. जकार्डच्या दोऱ्या वरून खाली येतात त्या या फळीतून. प्रत्येक दोरीला तिचं भोक. भोकं दोऱ्यांना सरळ आणि बरोबर अंतरावर धरून ठेवतात. आठ रांगा, रांगेत दीडशे, एकूण बाराशे. मालकांनी सगळे माग बदलले, पण जुनं जकार्ड असलेला एक माग मोडला नव्हता. त्याच्यावर ते अजून भिंतीवर टांगायची चित्रं विणून घेतात. विकण्यासाठी कमी, हौसेसाठी जास्त. फळी मोडली आणि तो माग बंद पडला. अशा फळ्या आता कोणी करत नाही.

"मालकांनी दिलीया," विणकर म्हणाले. "जमतंय का बगा म्हनले."

"स्वतः का नाही आले?"

"त्ये कुटं येत्यात."

मी फळी परत गुंडाळायला लागलो होतो. नको म्हणून सांगणार होतो. पण हात थांबला. त्या माणसाने मला चारचौघांत जे ऐकवलं ते खोटं पाडायला याहून चांगली संधी येणार नव्हती. बाराशे भोकं, संगणकाच्या हुकमाने, माझ्या मशीनवर. फळी बसली की त्यांना ते वाक्य परत घ्यावं लागेल. मी विणकरांना म्हणालो, "सांगा, करतो. आणि आणून देताना मालक हजर पाहिजेत."

नवी फळी बेकेलाइटची करायची ठरवली, म्हणजे चिरायला नको. जुन्या फळीच्या दोन भोकांमधलं अंतर व्हर्नियरने मोजलं, सहा पूर्णांक तीन मिलिमीटर. मग पट्टी लिहावी तसं लिहीत गेलो. पहिलं भोक डाव्या कडेला. तिथून एवढं सरक, भोक पाड. तिथून एवढं सरक, भोक पाड. रांग संपली की पुढची रांग. ओळी लिहिताना बोटं आपोआप चालत होती. मशीन दोन दुपारी चाललं. बेकेलाइटचा तो तिखट वास शेडभर झाला, बायकोने घराचं दार लावून घेतलं. फळी उन्हात धरली तर बाराशे ठिपके जमिनीवर पडले. इतकी देखणी फळी त्या कारखान्याने आयुष्यात बघितली नसेल.

मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. बारा वर्षांनी त्या दारातून आत शिरलो. मालक थकले होते, काठी आली होती, आवाज तोच होता. "ये रा," म्हणाले, जणू काल गेलो आणि आज आलो.

विणकरांनी नव्या फळीवर जुन्या फळीचे तुकडे जुळवून ठेवले आणि खिडकीसमोर धरले. डावीकडून उजेड आरपार येत होता. थोडं पुढे भोकांच्या चकत्यांच्या चंद्रकोरी झाल्या होत्या. मध्यावर अर्ध्या. त्यापुढे अंधार. उजव्या टोकाला माझं शेवटचं भोक जुन्या भोकाच्या आधीच संपत होतं, एका भोकापेक्षा जास्त अंतराने.

मालकांनी काठीच्या टोकाने डावी कड दाखवली. "इथून सुरू केलंस ना? कार्डवाल्याची सवय. डावीकडून धरायचं आणि एकेक मोजत जायचं. पुठ्ठ्यात चालतं ते."

"जुनी फळीच मोजली मी."

"जुनी फळी कशाला मोजतोस? दोऱ्यांनी घासून भोकं लांबट झालीत. मागाची फणी मोज. फणी पोलादाची, ती झिजत नाही. धागे फणीतून जातात, फळीने फणीला जुळायचं. फणीचा मध्य धर. तिथून दोन्हीकडे जायचं."

ते साध्या आवाजात बोलत होते, ओरडत नव्हते. पण "कार्डवाल्याची सवय" एवढंच माझ्या कानात बसलं. मी म्हणालो, "सगळं तुम्हालाच येतं तर तुमच्या कॉम्प्युटरकडून करून घ्या!" फळी बगलेत मारली आणि निघालो. विणकर मागून हाका मारत होते.

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं, आवाज चढवून. ती भाकरी थापत होती. तिने पूर्ण ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग त्यांचं खरं हाय का खोटं?"

मी फळी कोपऱ्यात उभी केली.

"खरं असंल तर तसं करा. भांडान मागनं करा की."

चूक कुठे होती ते मला त्या दाराबाहेर पडायच्या आधीच कळलं होतं. अंतर मोजताना एवढासा फरक पडला होता, केसाएवढा. मी प्रत्येक भोक आधीच्या भोकावरून मोजलं, म्हणून तो केस दीडशे वेळा साठत गेला. पुठ्ठ्याच्या पट्टीत हे होत नाही, कारण तिथे भोकांच्या जागा खुंट्यांनी आधीच ठरलेल्या असतात, माणूस फक्त मोजतो. मी मशीनला पंचिंग करायला लावलं होतं. मशीनला माग बांधणाऱ्यासारखं काम द्यायला हवं होतं. माग बांधणारा मधल्या धाग्यापासून सुरू करतो, आणि हे मी बावीस वर्षं रोज समोर बघितलं होतं.

विणकरांकडून फणीचं माप मागवलं. दोन टोकांतलं पूर्ण अंतर घेतलं आणि त्याचे समान भाग केले. फळीवर आधी मध्याची खूण केली. मग प्रत्येक भोकाला त्या मधल्या खुणेपासूनचं त्याचं स्वतःचं अंतर दिलं. आता कुठलंच भोक शेजाऱ्यावर अवलंबून नव्हतं. एखादं चुकलं असतं तर तेवढंच चुकलं असतं. बाराशे ओळी नव्याने लिहिल्या, आणि या वेळी बोटांवर विश्वास न ठेवता वाचून लिहिल्या.

दुसरी फळी घेऊन गेलो तेव्हा साधाच शर्ट होता. विणकरांनी ती मागावर, तिच्या जागी बसवली. मधल्या भोकातून पहिली दोरी सोडली, ती खाली फणीच्या मधल्या घराच्या बरोबर वर आली. मग डाव्या टोकाची. मग उजव्या टोकाची. मालक खुर्ची ओढून जवळ बसले होते. उजवी दोरी ओळंब्यासारखी सरळ लोंबत होती. विणकरांनी ती बोटाने हलवली, ती झुलून पुन्हा त्याच जागी थांबली.

"बसली," विणकर म्हणाले.

मालकांनी वाकून बराच वेळ बघितलं. मग मला विचारलं, "किती द्यायचे बोल."

"पैशाचं नंतर. आधी ते परत घ्या."

"काय परत घेऊ?"

"तुम्ही जे बोललात ते."

"काय बोललो?"

बारा वर्षं मी ते वाक्य घेऊन फिरलो होतो आणि या माणसाच्या ते ध्यानातही नव्हतं! मी त्यांना सांगितलं, शब्दशः. कुठे उभे होते, हातात काय होतं, कोण हसलं, सगळं. ते विणकरांकडे बघायला लागले.

"असं बोललो होतो मी?"

"बोलला हुता मालक," विणकर दोरी ओवता ओवता म्हणाले. "मी हितंच हुतो."

"तू पण हसलास?"

"हसलो असंन. समदेच हसत हुते."

मालक माझ्याकडे वळले. मी म्हणालो, "चुकलो म्हणा."

"चुकलो कसा? तेव्हा तुला कॉम्प्युटर येत नव्हताच की."

"येत नव्हता. पण जन्मात जमणार नाही म्हणालात."

"बरं. 'जन्मात' परत घेतलं."

"तेवढंच? आणि डोकं पुठ्ठ्यापुरतं ते?"

"ते राहू दे. मध्य कुणी सांगितला तुला?"

"तुम्ही सांगितला. बाराशे भोकं कुणी पाडली?"

त्यांनी काठी गुडघ्यावर आडवी ठेवली. सुताचा भाव करताना ते असेच बसायचे, मला चांगलं आठवत होतं. "दोन्ही परत घेतो," ते म्हणाले. "पण मग अजून एक फळी करून द्यायची. जादाची."

"देतो. पण हे असं कानात नाही चालणार. तेव्हा सगळ्यांसमोर बोललात, आता सगळ्यांसमोर बोला. माग बंद करून."

"चालू माग बंद करू?"

"ओरडून बोलायचं वय राहिलं नाही तुमचं."

विणकरांचे हात थांबले होते. चालू माग थांबला की कापडावर पट्टा उमटतो, आणि मालक लग्नाच्या वरातीलाही माग थांबवू देत नसत. मला वाटलं सौदा मोडणार. मी तोडायला तयार होतो, फळी खोलून घरी न्यायला तयार होतो. पण ते काठी टेकत उठले, पुढच्या शेडच्या दारात गेले आणि हात वर केला. एकेक करत माग थांबले. शेवटचा थांबल्यावर पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला. नवी पोरं होती बरीचशी, मला न ओळखणारी. ती वळून बघत होती.

"हा आपल्याकडे पंचिंगला होता," मालक म्हणाले. "मी याला म्हणालो होतो, कॉम्प्युटर याला जमणार नाही. यानं घरी मशीन केलंय, मोडीतल्या मागाच्या फ्रेमांवर. आतल्या मागाची फळी यानं केली. मला तेव्हा कळलं नाही." मग हात खाली केला. "चला, चालू करा."

माग पुन्हा धडधडायला लागले. त्यानंतर आम्ही पैशांवर आलो आणि तिथे मी एक रुपया सोडला नाही, त्यांनीही सहज दिला नाही. चहा दोनदा झाला.

"चुकलो" हा शब्द काही मी काढून घेऊ शकलो नाही. घरी येऊन बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "माग थांबवलं त्येंनी, आनि काय पायजे तुमाला?" तिला माग थांबवणं म्हणजे काय ते ठाऊक आहे, तिचे वडील विणकर होते. पण माझं समाधान झालं असं मी म्हणणार नाही. झालं थोडं.

जादाची फळी परवा पूर्ण झाली. विणकर न्यायला आले होते, त्यांना चहा पाजला आणि रिकाम्या हाताने परत पाठवलं. निरोप दिलाय की फळी तयार आहे, मालकांनी स्वतः येऊन घेऊन जावी. मशीन त्यांनी अजून डोळ्यांनी बघितलेलं नाही. रिक्षा मी पाठवतो म्हणून सांगितलंय, भाडंही माझं. शेड झाडून ठेवली आहे, मशीनच्या दांड्यांना तेल लावलंय, आणि त्यांना बसायला दुकानातली खुर्ची आत आणून ठेवली आहे.